परवानाधारक आणि पोलिस : शस्त्राचा हिशेब एकाकडूनच का?

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवानाधारकांनी आपली शस्त्रे जवळच्या पोलिस ठाण्यात जमा करावीत, अशा आदेशाची बातमी आपल्या वृत्तपत्रात ठरल्याप्रमाणे येते आणि पुढच्या काही दिवसांत किती शस्त्रे जमा झाली याचा आकडाही येतो. ज्याची बंदूक जमा झाली त्या माणसाविरुद्ध नेमके काय होते, याचा उल्लेख मात्र या बातम्यांत मी कधी वाचलेला नाही. त्याने कोणाला धमकावले होते काय, त्याच्यावर गुन्हा दाखल होता काय, मागच्या निवडणुकीत त्याच्या गावात दंगा झाला होता काय, या प्रश्नांची उत्तरे त्याला स्वतःलाही मिळत नाहीत. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील शेतकरी आणि शेतीसंरक्षण बंदूक परवानाधारक या नात्याने, आणि शस्त्रासंबंधीचे नियम सामान्य माणसाला व पोलिसाला सारख्याच काटेकोरपणे लावले जातात की नाही या व्यापक प्रश्नाविषयी, मी हे पत्र लिहीत आहे. त्याची लांबी आपण सांभाळून घ्यावी, ही विनंती.

एक गोष्ट प्रथमच स्पष्ट करतो. पोलिसांकडे शस्त्र असावे आणि ते नागरिकाकडे असलेल्या शस्त्रापेक्षा अधिक प्रभावी असावे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी हाती बंदूक नसताना कसाबच्या रायफलची नळी धरून ठेवली आणि अंगावर गोळ्या झेलल्या. त्याच रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर स्वयंचलित रायफलींच्या समोर आपल्या जवानांकडे जुन्या थ्री-नॉट-थ्री होत्या. ज्याला आपण समाजासाठी मरणाच्या दारात उभे करतो त्याला चांगले शस्त्र न देणे हा त्याच्यावरचा अन्याय आहे. म्हणून शस्त्र कोणाजवळ असावे यातल्या असमानतेविरुद्ध माझी तक्रार नाही. शस्त्र जवळ बाळगणाऱ्याकडून जो जबाब मागितला जातो त्यात आज जी असमानता आहे तिच्याविषयी मला बोलायचे आहे.

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३ नुसार परवान्याशिवाय कोणालाही अग्निशस्त्र बाळगता येत नाही. कलम ४५ मध्ये जी सूट आहे ती शासकीय सेवकाला आपले कर्तव्य बजावताना मिळणारी सूट आहे. म्हणजे पोलिसाच्या कमरेला सरकारी पिस्तूल असते ते त्या कामापुरते आणि त्या वेळेपुरते असते. त्याने स्वतःच्या पैशाने रिव्हॉल्व्हर घ्यायचे ठरवले तर त्यालाही आपल्यासारखाच परवाना काढावा लागतो. लोकांचा समज असतो की वर्दी अंगावर चढली की शस्त्राचा कायदा लागू होत नाही. कायद्याने असे कोठेही म्हटलेले नाही, आणि माझ्या मते कायद्याची ही मूळ रचना योग्य आहे. भेद निर्माण होतो तो अंमलबजावणीत, आणि तो कसा होतो हे आमच्या भागातील उदाहरणावरून सांगतो.

कोकणात बंदूक हे प्रतिष्ठेचे लक्षण कधीच नव्हते. आमच्याकडची बहुतेक हत्यारे म्हणजे ठासणीच्या बंदुका किंवा काडतुसाच्या एकनळी, फार तर दुनळी बारा बोअर बंदुका. त्या शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेल्या असतात आणि कित्येक घरांत त्या वडिलांकडून मुलाकडे वारसाने आलेल्या असतात. माझीही तशीच आली. तिचा उपयोग बहुतांशी आवाजापुरता. भातात रानडुकरांचा कळप उतरला, काजूच्या बागेत माकडांची टोळी शिरली किंवा गवा कुंपण मोडून केळीत घुसला, तर हवेत एक बार काढायचा आणि त्यांना हुसकावायचे. या जनावरांना मारण्यासाठी वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वनखात्याची परवानगी लागते, ती सहसा वेळेवर मिळत नाही आणि आमच्यापैकी बहुतेकांची तशी इच्छाही नसते. फटाके लावून पाहा, डबे वाजवून पाहा, असे शहरातले स्नेही सुचवतात. ते सर्व आम्ही करतो. पण माकडे चार दिवसांत डब्यांना सरावतात आणि रानडुक्कर रात्री दोन वाजता येते तेव्हा डबे वाजवायला शेतात कोणी नसते.

आता गेल्या काही निवडणुकांच्या तारखा पाहा. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि निकाल ४ जूनला लागला. काजूचा आणि आंब्याचा संपूर्ण हंगाम याच काळात येतो. त्याच वर्षी विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली आणि निकाल २३ नोव्हेंबरला आला. हे दिवस भात पिकून उभे असण्याचे आणि कापणीचे. पुढे २०२५ च्या अखेरीपासून स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका टप्प्याटप्प्याने सुरू झाल्या. ज्या कामासाठी सरकारने परवाना दिला त्या कामाची वेळ आली की बंदूक ठाण्यात असते, आणि ती हाती येते तेव्हा रानात राखण्यासारखे काही उरलेले नसते. परवान्याचे शुल्क आणि नूतनीकरण मात्र ठरलेल्या मुदतीत करावेच लागते.

निवडणूक शांततेत व्हावी म्हणून काही शस्त्रे जमा करून घेणे आवश्यक असते, हे मला पूर्ण मान्य आहे. प्रश्न कोणाची शस्त्रे, हा आहे, आणि त्याचे उत्तर न्यायालयाने पूर्वीच दिलेले आहे. शस्त्रे जमा करण्याच्या प्रश्नावरील याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये निकाल दिला, की सरसकट सर्व परवानाधारकांकडून शस्त्रे जमा करून घेता येणार नाहीत. प्रत्येक प्रकरण छाननी समितीपुढे तपासले जावे, असे त्यातून ठरले. भारत निवडणूक आयोगाने त्याच वर्षी या निकालाला अनुसरून सूचना काढल्या. जामिनावर सुटलेले, गुन्हेगारी पार्श्वभूमी असलेले आणि पूर्वी, विशेषतः निवडणुकांच्या काळात, दंगलीत सहभागी असलेले परवानाधारक यांचा विचार प्राधान्याने करावा, अशी ती दिशा आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयानेही २०२४ मध्ये अशाच आशयाचा निर्णय दिला आणि सर्वसाधारण आदेशाच्या आधारे कोणाला शस्त्र जमा करण्याची सक्ती करता येत नाही असे सांगितले. इतके स्पष्ट असताना आमच्या भागात आजही प्रत्यक्षात काय होते? पोलिस पाटलाकडे निरोप येतो, पोलिस पाटील वाडीवाडीत फिरून सांगतो आणि लोक मुकाट्याने बंदुका घेऊन जातात. छाननी समितीची बैठक कधी झाली, तिने कोणाची नावे काढली आणि कोणाची वगळली, याचा कागद मी पाहिलेला नाही आणि मागूनही मिळालेला नाही.

बंदूक जमा करण्याचा तो दिवस कसा असतो हे ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहितो. आमच्या शेजारच्या वाडीतील एक वृद्ध गृहस्थ बंदूक गोणपाटात गुंडाळून, सुतळीने बांधून एसटीने तालुक्याच्या गावी येतात. ठाण्याच्या ओसरीवर अशी दहा-पंधरा माणसे बसलेली असतात. ठाणे अंमलदार एकेकाला बोलावतो, परवान्याच्या पुस्तिकेवरचा क्रमांक बंदुकीवर कोरलेल्या क्रमांकाशी ताडून पाहतो, उरलेली काडतुसे मोजून घेतो, नोंदवहीत लिहितो आणि चापाच्या कड्याला नाव-गाव लिहिलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधतो. एक काडतूस जरी कमी भरले तरी ते कोठे, कधी आणि कशासाठी उडवले हे सांगावे लागते. यात गैर काही नाही, ते विचारलेच पाहिजे. त्यानंतर ती बंदूक मुद्देमालाच्या खोलीत भिंतीला टेकवून इतर बंदुकांबरोबर उभी राहते. लोकसभेच्या निकालानंतर आमच्या बंदुका परत मिळाल्या तेव्हा कोकणात पाऊस सुरू झाला होता. नळीच्या आतून बोट फिरवले तर तांबूस भुकटी हाताला लागत होती आणि एका ठासणीच्या बंदुकीचा लाकडी दस्ता ओलीने फुगून चिरला होता. त्याची भरपाई कोण देणार हा प्रश्न त्या म्हाताऱ्या माणसाने विचारलाही नाही. काम करणारे पोलिस कर्मचारी आमच्याशी सौजन्यानेच वागतात, हे मी आवर्जून नमूद करतो. वरून आदेश आहे, आमचा नाइलाज आहे, असे ते सांगतात आणि ते खरेच असते.

याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवतो. शस्त्र नियम, २०१६ नुसार परवाना मागणाऱ्या नागरिकाला शारीरिक आणि मानसिक आरोग्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र द्यावे लागते, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण घ्यावे लागते, शस्त्र घरी कसे सुरक्षित ठेवणार याची हमी द्यावी लागते. या अटी अत्यंत योग्य आहेत. ३१ जुलै २०२३ च्या पहाटे जयपूर-मुंबई एक्स्प्रेसमध्ये पालघर जिल्ह्याच्या हद्दीत रेल्वे सुरक्षा दलाच्या एका शिपायाने आपल्या वरिष्ठावर आणि मग वेगवेगळ्या डब्यांत जाऊन तीन प्रवाशांवर सरकारी रायफलीतून गोळ्या झाडल्याचा आरोप आहे. आपल्याला बरे वाटत नाही, ड्यूटीतून मोकळे करा, असे तो त्या रात्री सांगत होता, असे त्याच्या सहकाऱ्याच्या फिर्यादीत आले. खटल्याचा निकाल न्यायालय देईल आणि त्याविषयी मी काही बोलणार नाही. तथापि, वर्षातून एखाद-दुसरा बार हवेत काढणाऱ्या शेतकऱ्याच्या मनःस्थितीची खातरजमा जे सरकार करते त्याच सरकारने, माणसांनी भरलेल्या गाडीत रात्रभर स्वयंचलित रायफल घेऊन फिरणाऱ्या जवानाच्या मनःस्थितीची खातरजमा दर किती दिवसांनी आणि कोणामार्फत केली जाते, हे जाहीर करायला नको काय? बारा-बारा, चौदा-चौदा तासांच्या ड्यूट्या, रजा न मिळणे आणि घरापासून दूर राहणे यांनी आपले पोलिस आणि जवान पिचून गेले आहेत, हे त्यांची घरची माणसे सांगतात. ही तपासणी त्यांच्याविरुद्ध संशय म्हणून मागितली जात नाही. ती सर्वांत आधी त्यांच्याच जिवासाठी हवी आहे. त्या रात्री पहिली गोळी लागली ती त्याच दलातील सहायक उपनिरीक्षकाला, हे विसरता येत नाही.

गोळी झाडल्यानंतरच्या जबाबाबद्दल तर फरक आणखी ठळक होतो. आत्मसंरक्षणाचा हक्क पूर्वी भारतीय दंड संहितेत होता आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, आणि तो सर्वांनाच आहे. परंतु एखाद्या परवानाधारकाने घरात शिरलेल्या दरोडेखोरावर गोळी झाडली तर गुन्हा नोंदवला जातो, बंदूक जप्त होते, परवाना निलंबित होतो आणि त्याने योग्य केले की नाही हे न्यायालयात ठरेपर्यंत तो आरोपी असतो. पोलिसांच्या गोळीने माणूस मेला तर मुंबईत वर्षानुवर्षे काय होत होते हे आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. १९९५ ते १९९७ या काळातील मुंबईतील नव्व्याण्णव चकमकी आणि त्यांत मेलेली सुमारे १३५ माणसे यांच्या संदर्भात दाखल झालेल्या याचिकेवरच सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी १६ मार्गदर्शक सूचना दिल्या. चकमकीचा गुन्हा नोंदवावा, तपास गुन्हे अन्वेषण विभागाने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करावा, दंडाधिकाऱ्यांची चौकशी व्हावी, संबंधित पोलिसांनी आपली शस्त्रे तपासणीसाठी स्वाधीन करावीत आणि त्यांचे शौर्य निःसंशय सिद्ध होईपर्यंत क्रम डावलून बढती किंवा शौर्यपदक देऊ नये, असे त्यात आहे. ज्या गोष्टी नागरिकाच्या बाबतीत पहिल्या दिवसापासून आपोआप घडतात त्या पोलिसाच्या बाबतीत घडाव्यात यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला सूचना द्याव्या लागल्या, यावरून दोन मापे किती काळ चालली होती हे लक्षात येते.

आणि सूचना आल्यावरही वाट सोपी झालेली नाही. नोव्हेंबर २००६ मध्ये वर्सोव्यात पोलिसांच्या बनावट चकमकीत मारल्या गेलेल्या लखनभैया याच्या कुटुंबाला सत्र न्यायालयाचा निकाल मिळाला तो २०१३ मध्ये, आणि निर्दोष सुटलेल्या प्रमुख अधिकाऱ्याला उच्च न्यायालयाने जन्मठेप सुनावली ती मार्च २०२४ मध्ये. घटनेपासून सतरा वर्षे उलटून गेली होती. मृताचा भाऊ स्वतः वकील होता म्हणून हा लढा इतकी वर्षे चालू शकला. ज्याच्या घरात वकील नाही त्याने काय करावे? बदलापूर येथील शाळकरी मुलींवरील अत्याचाराच्या प्रकरणातील आरोपी सप्टेंबर २०२४ मध्ये पोलिसांच्या गाडीत मारला गेला. त्या आरोपीवरील आरोप इतके घृणास्पद होते की अनेकांनी पेढे वाटले, आणि त्या मुलींच्या आईवडिलांचा संताप कोणीही समजू शकेल. तरीही दंडाधिकाऱ्यांच्या अहवालात पाच पोलिसांवर ठपका आल्यानंतर गुन्हा नोंदवण्यासाठी एप्रिल २०२५ मध्ये उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. एखाद्या शेतकऱ्याच्या बंदुकीने माणूस मेला असता तर त्याच्यावर गुन्हा नोंदवायला उच्च न्यायालयाची वाट पाहावी लागली असती काय?

माझ्या या म्हणण्यावर असा आक्षेप घेतला जाईल की परवानाधारक काही सगळेच निरुपद्रवी नसतात. हा आक्षेप खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. २ फेब्रुवारी २०२४ रोजी उल्हासनगरात एका आमदाराने पोलिस ठाण्याच्या आत, पोलिस निरीक्षकाच्या दालनात परवान्याच्या पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. त्यानंतर आठवड्याच्या आतच दहिसरमध्ये माजी नगरसेवकाची हत्या झाली आणि त्यात वापरलेले पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या, उत्तर प्रदेशातून घेतलेल्या परवान्यावरचे होते. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची निर्घृण हत्या झाल्यावर बीड जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्र परवाने असल्याचे उघडकीस आले, आणि मग प्रशासनाने शंभराहून अधिक परवाने रद्द केले. रद्द केले ते बरेच झाले. पण हे परवाने आकाशातून पडले नव्हते. प्रत्येक परवान्यामागे एका पोलिस ठाण्याचा अनुकूल अहवाल होता आणि एका अधिकाऱ्याची सही होती. गुन्हे नोंदलेल्या माणसाच्या वर्तनाबद्दल 'आक्षेपार्ह काही आढळले नाही' असे ज्यांनी लिहून दिले त्यांच्यापैकी किती जणांना नोटीस गेली? परवाना घेणाऱ्याला शिक्षा झाली. परवाना देववणाऱ्याला साधा प्रश्नही विचारला गेल्याचे माझ्या वाचनात नाही.

येथे व्यवस्थेतला एक मूलभूत दोष आहे, ज्याकडे फारसे लक्ष जात नाही. ग्रामीण जिल्ह्यांत परवाना देण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा असतो, म्हणजे अहवाल देणारे पोलिस आणि निर्णय घेणारा अधिकारी हे वेगळे असतात. मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर अशा आयुक्तालयांच्या क्षेत्रात मात्र अहवाल पोलिसांचा, निर्णय पोलिस आयुक्तांचा, आचारसंहितेत शस्त्र जमा करून घेणारे पोलिस आणि परवाना रद्द करण्याची कारवाई करणारेही पोलिसच. त्याच खात्यातील एखाद्या अधिकाऱ्याने स्वतःसाठी परवाना मागितला तर त्याचा अर्जही त्याच मार्गाने जातो. मी कोणाच्या प्रामाणिकपणावर शंका घेत नाही. परंतु स्वतःच्या खात्याच्या बाबतीत न्यायाधीश होण्याची वेळ कोणत्याही खात्यावर येऊ नये, हे तत्त्व आपण इतरत्र सर्वत्र मानतो. आयुक्तालयाने नाकारलेला परवाना मंत्रालयातून अपिलात मंजूर झाल्यावरून २०२५ मध्ये पुण्यातील प्रकरणात जो वाद झाला, त्यातून एवढे दिसले की अपिलाची वाटही शेवटी राजकीय व्यक्तीच्या टेबलावर जाते.

सामान्य अर्जदाराच्या वाट्याला मात्र यातले काहीच येत नाही. नियमांनुसार पोलिसांनी तीस दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि तो आल्यावर साठ दिवसांत निर्णय व्हायचा असतो. अहवाल वेळेत आला नाही तर त्याची वाट न पाहता निर्णय घेण्याची मुभा अधिनियमाच्या कलम १३ ने परवाना अधिकाऱ्याला दिली आहे. नकार द्यायचा असेल तर कारणे लेखी नोंदवावी लागतात, आणि अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्यावरून नकार देता येत नाही. ही शेवटची तरतूद मला फार मोलाची वाटते, कारण ती गरिबाच्या जिवाची किंमत श्रीमंताच्या जिवाइतकीच मानते. आमच्या तालुक्यातील एका विधवा शेतकरी बाईंनी पतीच्या पश्चात बंदूक आपल्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज केला. वारसाची तरतूद नियमांत असूनही दोन हंगाम उलटले तरी त्यांना होकार नाही, नकार नाही. दर खेपेला 'अहवाल आलेला नाही' एवढेच उत्तर. दरम्यान बंदूक ठाण्यात आणि माकडे बागेत.

१८७८ साली लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत शस्त्रांचा कायदा आला तेव्हा भारतीयांना परवाना सक्तीचा आणि युरोपियनांना त्यातून सूट होती. राज्यकर्त्यांसाठी एक नियम आणि प्रजेसाठी दुसरा, हा अपमान आपल्या नेत्यांना इतका झोंबला होता की १९३१ च्या कराची काँग्रेसमधून पुढे आलेल्या मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा प्रत्येक नागरिकाचा हक्क समाविष्ट करण्यात आला. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरि विष्णू कामथ यांनी त्या ठरावाची आठवण देऊन तसा हक्क राज्यघटनेत घालण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. कोणाच्या हाती शस्त्र जाऊ नये हे ठरवण्याचा अधिकार राज्याकडे राहिला पाहिजे, असा त्यांच्या भूमिकेचा रोख होता. मला स्वतःला बाबासाहेबांची भूमिका पटते. शस्त्र हा हक्क नसावा. पण जेव्हा राज्य हा अधिकार स्वतःकडे ठेवते तेव्हा तो कसा वापरला याचा हिशेब देण्याची जबाबदारीही त्याच्याकडेच येते, आणि राज्याच्या वतीने शस्त्र धरणाऱ्या प्रत्येकाकडे येते. २०१९ च्या दुरुस्तीने नागरिकासाठी शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली, विनापरवाना शस्त्राची शिक्षा वाढवली, लग्नमिरवणुकीत हवेत गोळी झाडणेही दोन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र ठरवले. याच्याशी मी सहमत आहे. नागरिकाची जबाबदारी वाढवणाऱ्या त्याच दुरुस्तीत सरकारी शस्त्राच्या गैरवापराबाबतच्या जबाबदारीसाठीही चार ओळी असत्या तर ती अधिक न्याय्य झाली असती.

म्हणून राज्य सरकारने आणि गृह विभागाने काही गोष्टी तातडीने कराव्यात असे मला वाटते. आचारसंहितेच्या काळात शस्त्र जमा करण्याचा आदेश व्यक्तीच्या नावाने आणि कारणासह निघावा, आणि शेतीसंरक्षणाच्या परवान्यांना हंगामाच्या काळात विशेष आरोप नसल्यास वगळावे. जमा झालेल्या शस्त्राची स्थिती पावतीवर लिहावी व ते बिघडल्यास भरपाई मिळावी. सेवेतील पोलिसांचे खासगी परवाने, ते कोणत्याही पदावर असोत, त्याच छाननी समितीपुढे ठेवावेत. शस्त्र घेऊन ड्यूटी करणाऱ्या प्रत्येक जवानाची ठरावीक काळाने मानसिक आरोग्य तपासणी व्हावी, आणि आजारपण सांगणाऱ्याला शस्त्राशिवायचे काम देण्याचा नियम असावा, तसे सांगितल्यामुळे त्याच्या नोकरीवर परिणाम होणार नाही याची हमी द्यावी. सरकारी शस्त्रातून गोळी झाडली गेल्याच्या प्रत्येक घटनेचा, मग त्यात कोणी दगावलेला असो वा नसो, वार्षिक तपशील जिल्हावार प्रसिद्ध व्हावा. आयुक्तालयांच्या क्षेत्रातील परवान्यांचे निर्णय पोलिसांबाहेरील अधिकाऱ्याकडे सोपवता येतील काय, याचा विचार गंभीरपणे व्हावा. आणि ज्याचा परवाना गुन्हेगारी कारणाने रद्द झाला त्याला अनुकूल अहवाल देणाऱ्या अधिकाऱ्याकडून खुलासा मागितला जावा. यातल्या बहुतेक गोष्टींसाठी कायदा बदलण्याची गरजही नाही. शासन निर्णय पुरेसा आहे.

मी माझ्यापुरते एक पाऊल उचलले आहे. गेल्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी आमच्या जिल्ह्यात छाननी समितीची बैठक झाली असल्यास तिचे इतिवृत्त आणि माझे शस्त्र जमा करून घेण्यामागचे लेखी कारण मिळावे, असा अर्ज मी माहिती अधिकाराखाली केला आहे. आपल्या वाचकांत जे शेतीसंरक्षण परवानाधारक असतील त्यांनीही आपापल्या जिल्ह्यात असाच अर्ज करावा, अशी विनंती आहे. आलेली उत्तरे आपण प्रसिद्ध केलीत तर पुढील आचारसंहितेपूर्वी कोणत्या जिल्ह्यात २००९ चा निकाल पाळला जातो आणि कोणत्या जिल्ह्यात नाही, हे सर्वांसमोर येईल.

आपला नम्र,
एक शेतकरी वाचक,
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग